पायरीपर्यंतची हलगी

“ते बाहेरच ठेव. तिथं, चपलांच्या कपाटापाशी. आत देव आहेत.”

काकूंनी बोटानं जागा दाखवली. मी दारात उभी. पाठीवर सॅक, छातीशी धरलेली हलगी. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. दोन दिवसांच्या प्रवासानं डोळे चुरचुरत होते.

माझ्या पुढं तन्वी आत गेली होती. तन्वी माझ्या कॉलेजातली, सांगलीची, तबला वाजवणारी. तिच्या हातातली तबल्याची बॅग काकूंनी स्वतः घेतली. म्हणाल्या, “हे इकडे आण गं, देवाजवळ ठेवू. सरस्वतीच ती.” कपाटातून रेशमी कापड काढलं. त्यावर तबला, शेजारी डग्गा. दोन्हींना हळदकुंकू लावलं.

तबल्याला कातडं असतं. शेळीचं. माझ्या हलगीलाही शेळीचंच. जर्मनीतल्या त्या घरात एक शेळी सरस्वती झाली आणि दुसरी चपलांपाशी गेली.

हे मला तिथल्या तिथं सुचलं होतं. पण बोलले नाही. पोटात भूक होती. आणि त्या घरात आठ दिवस फुकट राहायचं, फुकट जेवायचं होतं. तेवढ्या जोरावरच तर मी परदेशात पाऊल टाकलं होतं. फुकटच्या गादीवर झोपणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

माझं गाव वडूजजवळ. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आम्ही. आबा हलगी वाजवतात. आज्जाही वाजवायचा. लग्न असो, मयत असो, बैल जिंकून आलेला असो, हलगी आमचीच. चैत्रात भैरोबाची यात्रा. पालखीच्या पुढं आबा. त्यांची हलगी लागली की म्हातारी माणसंसुद्धा जागच्या जागी डुलायला लागतात. पालखी देवळापाशी आली की आबा पायरीपाशी थांबायचे. पालखी आत जायची. तन्मयतेनं नाचणारे सगळे आत जायचे. आबा बाहेर, घाम पुसत. मग कुणीतरी प्रसाद आणून वरूनच त्यांच्या ओंजळीत टाकायचं. लहानपणी मी आबांचा सदरा धरून त्या पायरीपाशी उभी असायची. मला वाटायचं, हलगीचं काम पायरीपर्यंतच असतं.

हलगी मी आबांकडून शिकले. आई चिडायची, पोरीच्या जातीला शोभतं का म्हणायची. आबा म्हणायचे, “हाताला ताल हाय तिच्या. तालाला काय पोरगा-पोरगी असतंय व्हय?”

कॉलेजसाठी सांगलीला आले. युवा महोत्सवात मी आणि तन्वीनं तबला-हलगीची जुगलबंदी केली. कुणीतरी मोबाइलवर घेतली, ती फिरत फिरत जर्मनीतल्या एका मराठी मंडळापर्यंत गेली. त्यांच्या गणपतीला आम्हाला बोलावणं आलं. तिकीट आपलं आपण काढायचं. राहणं-जेवण मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी. ते सेक्रेटरी म्हणजे काका, आणि मघाच्या त्या काकू.

मी तेव्हा मिरजेत एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर संध्याकाळची पाळी करत होते. त्यातून साठलेलं सगळं तिकिटात गेलं. सगळ्यात स्वस्त तिकीट. म्हणजे आखाती देशातल्या एका विमानतळावर अख्खा दिवस बसून काढायचा. तन्वी मधूनमधून उठून काहीतरी खाऊन यायची. मला म्हणायची, “चल ना, मी देते.” मी म्हणायचे, भूक नाही. आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ती गेली की काढायचे. नळाचं पाणी प्यायचे. एवढी चकचकीत दुकानं आयुष्यात पाहिली नव्हती. पण खरं सांगते, मला त्या दिवशी गरीब वाटत नव्हतं. मी विमानात बसून आले होते. ओढ्याच्या पलीकडची पहिलीच.

निघताना आबा वडूजच्या स्टँडवर सोडायला आले होते. हलगीला त्यांनी जुन्या सतरंजीची पिशवी शिवली होती. एसटी सुटताना खिडकीपाशी आले.

“तिकडं कोण कुणाला वळखत न्हाई,” म्हणाले. “तिकडं आत जाऊन वाजीव. मी कवा वाजीवली न्हाई आत. तू वाजीव.”

बास. एवढंच त्यांनी माझ्याकडं मागितलं होतं. परदेशातून त्यांना दुसरं काही नको होतं.

जर्मनीत उतरल्यावर विमानतळावरून रेल्वेनं गेलो. स्टेशनवर काका-काकू घ्यायला आले होते. गाडीत काकू लय लाडानं बोलत होत्या. त्या मूळच्या सांगलीकडच्या. माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, “अगं, म्हणजे आपल्यातलीच की!” आमचं आडनाव ओढ्याच्या अलीकडेही आहे. मी नुसती हसले. त्यांनी मला गाडीत शाल दिली. गारठली असशील म्हणाल्या.

दारापाशी पिशवीतून हलगी काढली तेव्हा त्यांनी कौतुकानं हात लावून पाहिला.

“कॉलेजात शिकलीस का गं?”

“नाही. घरीच. आबा वाजवतात.”

“हौस म्हणून?”

“नाही. गावाची हलगी आमच्याकडंच आहे. आज्जाही वाजवायचा.”

काकूंनी हात मागं घेतला. लगेच नाही, हळूच. मग तो हात पदराला पुसला. तो पुसलेला हात मला अजून दिसतो. हौसेनं वाजवली तर ती कला. बापजाद्यांनी वाजवली तर जात. आणि मग ते वाक्य आलं, चपलांच्या कपाटाचं.

त्या दिवसापासून जेवायला मला कागदाची प्लेट. “तुला धुवायची कटकट नको,” काकू म्हणायच्या. तन्वीला स्टीलचं ताट होतं. तिला बहुतेक धुवायची आवड असावी. शाल परत मागितली नाही, पण मी ती घडी करून खुर्चीवर ठेवली तर तीन दिवस तिथंच पडून राहिली. कुणी उचलली नाही.

तन्वीला मी विचारलं, “तुला दिसतंय ना?”

ती म्हणाली, “अगं, जुन्या वळणाच्या आहेत. मनानं वाईट नाहीत. आठच दिवस आहेत, ॲडजस्ट कर ना.”

ॲडजस्ट. माझ्या घरात हा शब्द कुणाला माहीत नाही, आणि सगळ्यांनी जन्मभर तेच केलंय.

तिकडं सप्टेंबरात पाऊस. बारीक, चिवट. चपलांचं कपाट होतं दाराबाहेर, वर छपराची पट्टी. वारा आला की झड आत. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी हलगी उचलली तर कातडं ओल धरून ढिलं पडलेलं. टिपरू मारलं तर धप्प असा मेलेला आवाज. आजकाल पुष्कळजण प्लॅस्टिकची हलगी वाजवतात, तिला ऊन-पाऊस कळत नाही. आबांना ती चालत नाही. कातड्याची हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. गावात आम्ही उसाचं पाचट पेटवतो, पेंढा पेटवतो, काही नाही मिळालं तर कागद. जाळावर धरून फिरवायची, बोटानं वाजवून बघायची. कातडं ताणलं की आवाज खणखणीत होतो.

मी तेच केलं. मागच्या अंगणात जुनी वर्तमानपत्रं पेटवली. हात सरावाचा, दोन बोटं जाळ, फार नाही. पण ओल्या कागदाचा धूर झाला. पलीकडच्या घरातला म्हातारा कुंपणापाशी येऊन ओरडायला लागला. काका पायजम्यावरच धावत आले. कागद पायानं विझवले. म्हाताऱ्याची माफी मागत इंग्रजीत म्हणाले, खेड्यातली मुलगी आहे, तिला समजत नाही. त्यांना वाटलं मला इंग्रजीही समजत नाही.

मग माझ्याकडं वळले. “इथं आपली इज्जत आहे. तुमच्या वस्तीवर करता ते इथं नाही चालणार.”

घरात सगळे बघत होते. मी काळे झालेले कागद हातानं गोळा केले. डोळ्यांत पाणी होतं, पण धुरामुळं म्हणून खपलं.

तन्वीला वाईट वाटलं असावं. ती न्हाणीघरातून काकूंचा हेअर ड्रायर घेऊन आली. मी तो हलगीवर धरला. हळूहळू कातडं चढलं. बोट मारलं, टण्ण. मला हसू फुटलं, तन्वीलाही. त्या सगळ्या दिवसांत आम्ही दोघी तेवढ्यापुरत्याच मैत्रिणी होतो.

दुपारी चहाचा कागदी कप टाकायला कचऱ्याचा डबा उघडला. आत हेअर ड्रायर. वायर नीट गुंडाळलेली. कुठल्या डब्यात काय टाकायचं हे काकूंनी पहिल्याच दिवशी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. त्या दिवशी घाईत त्याच विसरल्या असाव्यात. ड्रायर उरलेल्या भातावर पडला होता.

मी झाकण लावलं. कप हातातच राहिला.

मंडळानं एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. गाड्या लावायच्या जागेपासून हॉलपर्यंत मिरवणूक. नऊवारी नेसलेल्या बायका, फेटे बांधलेले पुरुष, मुलं. मूर्ती पालखीत. मी पुढं. पाऊस थांबला होता, आणि हलगी अशी बोलत होती की काय सांगू. आबांनी शिकवलेलं सगळं हातातून आपोआप येत होतं. काका माझ्यासमोर येऊन नाचले. “वाजव गं पोरी, वाजव!” असं ओरडले. काकूंनीही फुगडी घातली. बाजूनं जाणारे तिथले लोक थांबून बघत होते. मी चपलांचं कपाट विसरले, प्लेट विसरले, डबासुद्धा विसरले. डोक्यात एवढंच होतं, आता आत जायचं. आबा, आता आत जातेय.

हॉलला चार-पाच पायऱ्या होत्या. पालखी वर गेली. पाठोपाठ माणसं. तबल्याची बॅग घेऊन तन्वी गेली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आरतीचं ताट घेऊन काकू दारात उभ्या होत्या. दोन पायऱ्या खाली उतरल्या. चेहरा हसरा. आवाज अगदी हळू, दुसऱ्या कुणाला जाऊ नये असा.

“तू इथंच थांब हं. आरती होऊ दे. तुझा प्रसाद मी बाहेर आणून देते.”

माझा हात थांबला. त्या क्षणी मला काकू दिसत नव्हत्या. भैरोबाची पायरी दिसत होती. घाम पुसणारे आबा. त्यांची ओंजळ. वरून पडणारं खोबरं, एखादा तुकडा मातीत पडला तर वाकून उचलणारे आबा. मी लहानपणी तो मातीतला तुकडा फुंकून खाल्लेला आहे. गोड लागायचा. त्याची चव जिभेवर आली.

“तन्वी आत गेली,” मी म्हणाले.

“तिचं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“आता इथं वाद नको गं. चांगला दिवस आहे.”

“काकू, पायरीपाशी थांबायचंच होतं तर माझं गाव काय वाईट होतं?”

हे मी मोठ्यानं बोलले. दारातली चार माणसं वळली. काका बाहेर आले, काय झालं म्हणून. काकू म्हणाल्या, काही नाही, दमलीय ती.

“मी दमले नाही,” मी म्हणाले. “मला हलगी घेऊन आत जायचंय. नाहीतर मी इथून पुढं वाजवणार नाही. जुगलबंदीही नाही.”

काकांचा चेहरा बदलला. मघाशी नाचणारा माणूस गेला, सकाळचा आला. “तुला आम्ही बोलावलं. घरात ठेवून घेतलं. जेवायला घातलं. त्याचे हे पांग फेडतेस?”

“जेवले तेवढं वाजवून झालंय,” मी म्हणाले.

आत आरती सुरू झाली. दारातली माणसं आत वळली. टाळ्या ऐकू येत होत्या. कुणी थांबलं नाही. तन्वीनं एकदा मागं बघितलं. मी तिच्याकडं बघत राहिले. ती येईल असं मला वाटलं होतं. आता कबूल करायला लाज वाटते, इतकं वाटलं होतं. तिनं मान वळवली आणि तबल्याच्या बॅगेची चेन उघडली.

मी हलगी पिशवीत घातली. चालत घरी गेले. सॅक मी सकाळीच भरून दाराबाहेर, चपलांच्या कपाटापाशी ठेवली होती, म्हणजे इथं आपलं राहणं होणार नाही हे आतून मला कळलेलं असणार. पलीकडचा म्हातारा अंगणात होता. बहुतेक पुन्हा जाळ होईल म्हणून लक्ष ठेवून.

परतीच्या विमानाला अजून चार दिवस होते. तिकीट बदलायचं म्हणजे नवं काढण्याइतकं. मग स्टेशनजवळचं सगळ्यात स्वस्त वसतिगृह, एकावर एक पलंग, एका खोलीत बारा मुली, कुठल्या कुठल्या देशांच्या. जवळचं सगळं तिथंच गेलं. दिवसाची एक पावाची लादी. दशम्या वाळून कडक झाल्या होत्या, त्या पाण्यात बुडवून खाल्ल्या. दिवसभर चालायचे. परदेश बघायचा तर चालून फुकट बघता येतो. देखणं शहर होतं. मी ते पाहिलं, पण मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. भूक लागली की रस्ता दिसतो, इमारती दिसत नाहीत.

नदीच्या पुलावर एक म्हातारा पेटीसारखं गळ्यात अडकवलेलं वाद्य वाजवत बसायचा. पुढ्यात टोपी. लोक जाता जाता नाणी टाकायचे. हलगी माझ्या पाठीवरच होती. एकदा पिशवीची नाडी सोडलीसुद्धा. मग टोपीत पडणारं नाणं बघितलं आणि नाडी परत बांधली. त्या म्हाताऱ्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. तो त्याच्या हौसेनं बसला असेल, गरजेनं बसला असेल. पण पुढ्यात पडलेलं उचलण्याचं काम आमच्या घरात फार पिढ्या चाललंय. मला उपाशी राहणं सोपं वाटलं.

त्या पुलावर मी खूप रडले. तिथं कुणी बघत नाही, हे एक बरं.

विमानतळावर तन्वी भेटली. शेजारी बसली. हातात लाडूंचा डबा. “काकूंनी दिलेत. म्हणाल्या, गैरसमज झाला.”

“कुणाचा?”

डबा तिच्याच मांडीवर राहिला, मुंबईपर्यंत. आता कॉलेजात आम्ही एकमेकींना हसून रस्ता देतो. जुगलबंदी मात्र पुन्हा झाली नाही.

घरी आले. आईनं आधी माझे दंड चाचपले, किती वाळलीस म्हणाली. आबा दारात बसले होते. त्यांनी हलगी मागितली. पिशवीतून काढली, कातड्यावरून तळवा फिरवला.

“वल लागलीया हिला. भाईर ठेवली हुतीस व्हय?”

मग मी सगळं सांगितलं. मी खोटं सांगायचं ठरवून आले होते. वाजवली आबा, आत वाजवली, सगळ्यांनी टाळ्या दिल्या, असं. ते जमलं नाही. झाल्यावर आबांनी हलगी मांडीवर पालथी घातली.

“तितंबी पायरी हाय व्हय,” एवढंच म्हणाले.

माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. गावानं त्याला उभा जन्म पायरीवर थांबवलं तेव्हा तो इतका खचला नव्हता. जगात कुठंतरी पायरी नसेल, अशी त्याची एक जागा होती मनात. ती मी जाऊन बघून आले आणि नाही म्हणून सांगितलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. पण ते खरं होतं.

चैत्र आला. यात्रेच्या आधी कमिटीचे तात्या ओढा ओलांडून आले. आबांपेक्षा वयानं लहान. आत येत नाहीत, अंगणातच उभे राहतात. दरवर्षी सुपारी देतात, ती वरून ओंजळीत सोडतात. ती घेतली की यात्रेत वाजवणं ठरलं.

“काय रं, यंदाबी हाईस न्हवं?” म्हणाले.

आबा सवयीनं उठले. दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं झाले. त्या ओंजळीवर मी माझा हात पालथा ठेवला.

“तात्या, यंदा हलगी पालखीसंगं देवळात येणार,” मी म्हणाले. “पटत असंल तर सुपारी हातात द्या.”

तात्या हसले. “परदेशात जाऊन आली म्हणून लय शानी झालीस व्हय गं? रीत हाय ती. आवर रं पोरीला.”

मी आबांकडं बघितलं नाही. बघायची भीती वाटली. ते हात काढून घेतील असं वाटलं. त्यांनी ओंजळ मिटली. खाली, माझ्या हाताखालीच. आणि म्हणाले, “तिनं सांगितलं तसंच, तात्या.”

तात्यांनी सुपारी खिशात घातली. जाताना ओढ्यात थुंकले.

यात्रेला त्यांनी साउंड लावला. भिंतीएवढे स्पीकर. आमच्या घरापर्यंत पत्रे थडथडत होते. आबा दारात बसले होते. पालखी कुठल्या वळणावर आली असेल हे त्यांना न बघता कळत होतं. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. पायरीची वेळ झाली तशी ती थांबली. सवय. मी त्यांच्याशेजारी बसून होते. त्यांनी डोळे पुसले, मी पुसू दिले. यात्रा चुकल्याचं त्यांचं दुःख माझ्यामुळं आहे. ते मी नाकारत नाही.

संध्याकाळी त्यांनी हलगी खुंटीवरून काढली. अंगणात पाचट पेटवलं, हलगी शेकली, आणि माझ्या हातात दिली.

पुढच्या चैत्रात तात्या येतील, नाहीतर त्यांचा पोरगा येईल. भैरोबाच्या असोत की जर्मनीच्या, पायऱ्या चढून हलगी आत जाईल, सगळ्यांच्या बरोबरीनं, आणि मी ती वाजवेन. तोवर आमच्या ओंजळी मिटलेल्या राहतील.